आरोग्य समित्यांचे एकत्रीकरण : बचत नेमकी कशात झाली?

समित्या कमी केल्या की खर्च वाचतो, हे ऐकायला पटते. पण आरोग्य समित्यांवर बसणारे बहुतेक लोक पगारासाठी येत नाहीत. बैठकीचा चहा आणि प्रवासभत्ता वाचवून अंदाजपत्रकात काही दिसत नाही. समिती विलीन झाली की खरा फरक पडतो तो बँक खात्यात: पैसा कोणाच्या सहीने निघणार आणि 31 मार्चला शिल्लक कोणाकडे राहणार.

गावपातळीवर पाच ते सात जणांची आरोग्य समिती असावी, ही सूचना देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालात आहे. महाराष्ट्रात 1962 पासून जिल्हा परिषदांच्या आरोग्य समित्या आल्या. आजचा गुंता मात्र नव्वदच्या दशकातला. क्षयरोग, कुष्ठरोग, अंधत्व निवारण अशा प्रत्येक कार्यक्रमासाठी जिल्ह्यात वेगळी सोसायटी (नोंदणीकृत संस्था), वेगळे खाते, वेगळे लेखापरीक्षण. त्यामागचा हेतू रास्त होता. कोषागारातून येणारा पैसा उशिरा पोचे आणि वर्षअखेरीस व्यपगत होई, म्हणजे न खर्चलेला परत जाई. सोसायटीच्या खात्यातला तसा बुडत नसे. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि या सोसायट्या राज्यात एक, जिल्ह्यात एक अशा एकत्र झाल्या. ते योग्यच झाले. एका जिल्ह्यात इतक्या कॅशबुका ठेवण्यात कोणाचेच भले नव्हते.

रुग्णालयाच्या पातळीवरची रुग्ण कल्याण समिती आली इंदूरहून. 1994 मध्ये सुरतच्या प्लेगची धास्ती पसरली, तेव्हा यशवंतराव होळकरांच्या नावाच्या तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात उंदरांचा सुळसुळाट होता. रुग्णालय रिकामे करून स्वच्छ केले गेले, आणि पुढे देखभालीसाठी शुल्क घेऊन ते तिथेच खर्च करणारी नोंदणीकृत समिती स्थापन झाली. ही समिती सल्लागार नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवे. आपल्याकडे रुग्णालयाची पाहणी करणाऱ्या अभ्यागत समितीने फक्त सूचना करायच्या असतात. रुग्ण कल्याण समिती खर्चाला मंजुरी देते. दोघींना एकाच यादीत घालून ‘अनावश्यक समित्या’ म्हणणे चुकीचे आहे.

सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो ‘अबंधित निधी’, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला पैसा, या शब्दाबद्दल. अभियानात प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला तीन रकमा मिळत: 25 हजार अबंधित, 50 हजार देखभालीचे, 1 लाख रुग्ण कल्याण समितीचे. पुढे तिन्ही शीर्षे एकत्र करून 1 लाख 75 हजारांचे एकच अनुदान झाले. बेरीज करून पाहा, नवा रुपया एकही नाही. हिशेब सोपा झाला, हे खरे. पण प्रसूतिकक्षातला बल्ब गेला, इन्व्हर्टरची बॅटरी उतरली, छत गळू लागले की वैद्यकीय अधिकारी याच एका रकमेकडे बघतात. पूर्वी छतासाठी देखभालीची रक्कम वेगळी राखलेली असे, आता छत आणि बल्ब एकमेकांच्या वाट्याचे खातात. आणि महागाई वाढत असताना ती रक्कम वर्षानुवर्षे तेवढीच राहिली. माझ्या मते खरी कपात हीच, फक्त ती कपात म्हणून कुठे लिहिलेली नाही.

2014 पासून केंद्राचा हिस्सा थेट सोसायटीच्या खात्यात न येता पुन्हा राज्याच्या कोषागारातून येऊ लागला. 2021 मध्ये प्रत्येक योजनेसाठी राज्यात एकच मुख्य खाते आणि खाली शून्य शिलकीची (पैसा साठून न राहणारी) खाती, ही पद्धत आली. पडून राहिलेला पैसा दिसू लागला, त्यावरचे व्याज सरकारजमा होऊ लागले. केंद्र आणि राज्य दोघांच्या दृष्टीने ही मोठी सोय. समितीला मात्र पावसाळ्याआधी चार पैसे बाजूला ठेवण्याची मुभा उरली नाही. व्यपगत होण्याची ज्या भीतीपोटी सोसायट्या काढल्या, तीच भीती परत आली.

त्यात 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून प्रशासक आले, म्हणजे समित्यांवरचे निवडून आलेले सदस्यच राहिले नाहीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह सर्व शुल्क बंद झाले. रुग्णांसाठी हा निर्णय अत्यंत आवश्यक होता. पण त्याने इंदूरच्या धर्तीवर स्वतःचे उत्पन्न उभे करण्याचा रस्ता बंद झाला, आणि वरून येणाऱ्या अनुदानावरचे समित्यांचे अवलंबित्व वाढले.