गाडी सेल्फ घेत नाही: दोष बॅटरीचा, अल्टरनेटरचा की वायरीचा?

मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी निकामी असू शकते आणि जेमतेम १२ व्होल्ट दाखवणारी बॅटरी धडधाकट असू शकते. पहिलीच्या आतल्या पट्ट्या झिजलेल्या असतात, दुसरी नुसतीच उतरलेली असते. हा फरक न तपासता नवी बॅटरी बसवली जाते आणि काही आठवड्यांत तीही उतरते, कारण खरा दोष अल्टरनेटरमध्ये (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र), सैल अर्थिंगमध्ये (बॅटरीचं ऋण टोक बॉडीला आणि इंजिनला जोडणारी वायर) किंवा डिकीत रात्रंदिवस जळणाऱ्या दिव्यात असतो. निदानासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. मात्र व्होल्टेज तीन वेळा मोजायला हवं: गाडी बंद असताना, सेल्फ फिरत असताना आणि इंजिन चालू असताना. यातलं एकच माप घेऊन निष्कर्ष काढला, तर तो बहुतेक वेळा चुकतो.

बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि भरलेल्या प्रत्येक सेलमधून साधारण २.१ व्होल्ट मिळतात. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचंच हे रूप आहे. धन पट्टीवर लेड डायऑक्साइड, ऋण पट्टीवर सच्छिद्र शिसं आणि दोन्हींमध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक आम्ल. वीज बाहेर पडते तसं दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं आणि आम्ल पातळ होत जातं. चार्ज करताना हेच उलट घडतं. बॅटरी बरेच दिवस उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, तर या सल्फेटचे बारीक कण एकत्र येऊन मोठे, टणक स्फटिक होतात आणि मग चार्जिंगने ते विरघळत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो.

पहिलं माप गाडी काही तास बंद राहिल्यावर, शक्यतो सकाळी घ्यावं. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीत पट्ट्यांच्या पृष्ठभागावर तात्पुरता चार्ज साठलेला असतो आणि आकडा फसवा दिसतो. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करावेत आणि पाचेक मिनिटांनी मोजावं. १२.६ किंवा अधिक म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव आणि ११.९ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. एजीएम प्रकारच्या (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषून ठेवलेल्या) बॅटरीत हे आकडे थोडे वर सरकतात, ती भरलेली असताना १२.८ च्या आसपास दाखवते. रात्रभर चार्ज करूनही बॅटरी साडेदहाच्या आसपासच अडकून राहिली, तर सहापैकी एक सेल आतून शॉर्ट झालेला असतो. तिच्यावर आणखी वेळ घालवू नये.

बॅटरीला उघडता येणारी झाकणं असतील तर हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजणारी नळी) मल्टिमीटरपेक्षा जास्त सांगतो, कारण तो प्रत्येक सेल वेगळा तपासतो. भरलेल्या सेलमध्ये आम्लाची विशिष्ट घनता १.२६ ते १.२८ असते, रिकाम्या सेलमध्ये ती १.१२ पर्यंत उतरते. सहाही सेल सारखेच कमी दाखवत असतील तर बॅटरी फक्त उतरलेली आहे. पाच सेल १.२५ वर आणि एकच १.१८ वर असेल तर तो सेल गेला. ०.०५ पेक्षा मोठी तफावत चार्जिंगने भरून निघत नाही. पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावं. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, आम्ल आतच राहतं; म्हणून वरून आम्ल ओतलं तर ते गरजेपेक्षा तीव्र होऊन पट्ट्या खातं.

खरी परीक्षा मात्र सेल्फ मारताना होते.

पेट्रोल गाडीचा स्टार्टर, म्हणजे सेल्फ मारल्यावर इंजिन फिरवणारी मोटर, १०० ते २०० अँपिअर खेचतो, डिझेलचा त्याहून बराच अधिक. एवढ्या प्रवाहात बॅटरीचा अंतर्गत रोध लपून राहत नाही. चांगल्या बॅटरीचा रोध ५-६ मिलीओहम धरला, तर १५० अँपिअरला जेमतेम एक व्होल्ट आतच खर्च होतो. पट्ट्या सल्फेटने माखून हा रोध २० मिलीओहमवर गेला, तर तीन व्होल्ट आतच संपतात आणि १२.६ वरून थेट ९.६ वर यावं लागतं. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, म्हणून बंद गाडीत दोन्ही बॅटऱ्या सारख्याच दिसतात.

या चाचणीसाठी इंधन पंपाचा फ्यूज काढून ठेवावा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटरच्या पिना टर्मिनलच्या चिमट्यावर न धरता बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर धराव्यात आणि दुसऱ्या कुणाला तरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगावं. व्होल्टेज साडेदहाच्या वर टिकलं तर बॅटरी उत्तम. ९.६ च्या खाली घसरलं तर आधी ती पूर्ण चार्ज करून चाचणी पुन्हा घ्यावी. अर्धवट उतरलेल्या बॅटरीला या एका आकड्यावरून बाद ठरवणं हा अन्याय आहे. पूर्ण चार्जनंतरही तीच घसरण दिसली तर बॅटरी बदलावी. मात्र त्याआधी क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणारं मीटर) स्टार्टरचा प्रवाह पाहता आला तर जरूर पाहावा, कारण जाम झालेला स्टार्टर चांगल्या बॅटरीलाही खाली ओढतो.

आवाजही बरंच सांगतो. सलग टकटकटक येत असेल तर सोलेनॉइड (स्टार्टरला वीज जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढला जातोय, पण व्होल्टेज कोसळून लगेच सुटतोय. म्हणजे बॅटरी उतरलेली आहे किंवा जोडणी खराब आहे. एकच दणकट ‘टक’ येऊन शांतता पसरली आणि हेडलाइट मंद झाले नाहीत, तर संशय स्टार्टरवर घ्यावा.

आता सगळ्यात दुर्लक्षित दोष. खुंटावर १२ व्होल्ट टिकतात, तरी स्टार्टर रडत फिरतो. मधल्या वाटेत कुठेतरी व्होल्ट हरवत असतात. गंजलेल्या टर्मिनलचा रोध फक्त ०.०१ ओहम धरला तरी १५० अँपिअरला तिथे दीड व्होल्ट जातात आणि २२५ वॅटची उष्णता तयार होते. म्हणूनच काही वेळा सेल्फ मारल्यावर टर्मिनल हाताला गरम लागतं. हा रोध ओहमच्या रेंजवर मोजायला गेलं तर हाती काही लागत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याच्या कितीतरी पट असतो. तो शोधायचा तर प्रवाह वाहत असताना व्होल्टेजची घट मोजावी लागते.

एक पिन ऋण खुंटावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारावा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक, त्यापुढे अर्थिंगची पट्टी संशयित. मग धन खुंटापासून स्टार्टरच्या जाड टर्मिनलपर्यंत मोजावं. इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त घट नको. शेवटी खुंट आणि त्यावरचाच चिमटा यांच्यामध्ये मोजावं. इथे आकडा जवळजवळ शून्य हवा. तसा नसेल तर पांढरी-हिरवी भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, तारेच्या ब्रशने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करावेत आणि चिमटा घट्ट आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी. टर्मिनल काढताना ऋण आधी सोडावं आणि जोडताना ते शेवटी जोडावं. ऋण जोडलेलं असताना धन बाजूवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, आणि बॅटरीभोवती हायड्रोजन साचलेला असेल तर त्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

बॅटरी आणि वायरी निर्दोष ठरल्या की अल्टरनेटरकडे वळावं. इंजिन सुरू करून पुन्हा बॅटरीच्या खुंटावर मोजावं. १३.८ ते १४.७ दिसलं पाहिजे. मग हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर लावून इंजिन १५०० ते २००० फेऱ्यांवर धरावं. तरीही साडेतेराच्या खाली यायला नको. १२.४ वरून हळूहळू उतरतच गेलं तर चार्जिंग होत नाही. आधी बेल्ट पाहावा: सैल आहे का, आतून काचेसारखा गुळगुळीत झालाय का, भार टाकताच किंचाळतो का. पुष्कळदा प्रकरण इथेच मिटतं. बेल्ट ठीक असेल तर अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) गेलेला असतो. किल्ली चालू करताच डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लागतो की नाही, तेही पाहावं. अनेक जुन्या रचनांमध्ये याच दिव्यातून अल्टरनेटरच्या फिरणाऱ्या भागातल्या (रोटरच्या) गुंडाळीला सुरुवातीचा प्रवाह मिळतो. बल्ब उडाला तर अल्टरनेटर जागाच होत नाही किंवा इंजिन जोरात रेटल्यावर होतो.

उलट, आकडा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटरचा ताबा सुटला आहे. बॅटरी गरम होते, पाणी उडतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. असा वास आला तर इंजिन बंद करून जवळ ठिणगी पडू देऊ नये.

अल्टरनेटर तीन फेजची प्रत्यावर्ती वीज बनवतो आणि किमान सहा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) तिला एकदिश करतात. एक डायोड गेला तरी डीसी व्होल्टेज ठाकठीक दिसू शकतं. म्हणून मीटर एसी व्होल्टवर लावून भार चालू असताना बॅटरीवरच मोजावं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर डायोड खराब. दिवे लुकलुकणं आणि रेडिओत इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी, ही त्याचीच लक्षणं.

अल्टरनेटर चालतो का ते पाहायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढण्याची जुनी पद्धत मात्र पूर्णपणे सोडून द्यावी. बॅटरी हा त्या सर्किटमधला धक्के पचवणारा भाग आहे. ती अचानक दूर झाली की काही क्षण व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं आणि इंजिनचा संगणक जळू शकतो. आणखी एक गोष्ट: अलीकडच्या अनेक गाड्यांमध्ये चार्जिंग संगणक ठरवतो. बॅटरी भरलेली असली की तो व्होल्टेज १२.८ वर उतरवतो आणि गाडी मंदावताना १५ च्या जवळ नेतो. तिथे एका मापावरून अल्टरनेटर खराब ठरवू नये. ऋण टर्मिनलवर लहानसा सेन्सर बसवलेला दिसला तर गाडी या प्रकारची आहे असं समजावं.

सगळं ठीक असूनही दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी उतरत असेल तर कुठेतरी वीज गळते आहे. घड्याळ, अलार्म आणि संगणकाची स्मृती यांसाठी ५० मिलीअँपिअरपर्यंतचा प्रवाह चालतो; त्याने ६० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी व्हायला सुमारे २५ दिवस लागतात. पण डिकीतला ५ वॅटचा दिवा ०.४ अँपिअर घेतो आणि तीच बॅटरी तीन दिवसांत अर्धी करतो. मोजण्यासाठी मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावून ऋण खुंट आणि सोडलेला ऋण चिमटा यांच्यामध्ये जोडावा. दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर त्याचं लॅच पेचकसाने मिटवावं, म्हणजे गाडीला दरवाजा बंद वाटेल. संगणक झोपायला वीस मिनिटांपासून तासभर लागू शकतो, तोवर थांबावं. या काळात किल्ली फिरवू नये. मीटरचा फ्यूज उडतो.

गळती जास्त दिसली तर फ्यूज एकेक उपटण्यापेक्षा जागच्या जागी तपासणं बरं, कारण उपटलेला फ्यूज परत बसवताना झोपलेला संगणक पुन्हा जागा होतो. फ्यूजच्या माथ्यावर दोन उघडे ठिपके असतात. त्यांच्यावर पिना टेकवून मिलीव्होल्ट पाहावेत. शून्य म्हणजे त्यातून प्रवाह नाही. जिथे आकडा दिसेल, त्या सर्किटमध्ये गळती आहे. सगळे फ्यूज शून्य असतील तर टर्मिनल सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढावी आणि तिचं टोक कापडाने झाकून पुन्हा मोजावं. प्रवाह पडला तर दोष गळक्या डायोडचा.

या तपासण्यांत बॅटरी पूर्ण उतरली असेल तर ती भरण्याचं काम अल्टरनेटरवर टाकू नये. तो चार्ज टिकवण्यासाठी बनवलेला असतो आणि रिकामी बॅटरी भरताना तापतो. चार्जर क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यावर लावावा, म्हणजे ६० अँपिअर-तासांना ६ अँपिअर. बॅटरी बदलायचीच झाली तर थांबताच इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाडीत साधी बॅटरी चालत नाही, मूळ प्रकारचीच लागते. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने संगणकात करावी लागते. ती राहून गेली तर संगणक नव्या बॅटरीला जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्ज करत राहतो.