'विन' टाइप करण्यापासून आपोआप उघडणाऱ्या डेस्कटॉपपर्यंत

देवगडात आंब्याच्या पेट्यांची लेबलं छापून देणाऱ्या आमच्या दुकानात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा बटण दाबलं की काळी स्क्रीन यायची आणि कोपऱ्यात एक लुकलुकणारी रेघ. विंडोज 3.1 हवं असेल तर 'विन' टाइप करून एंटर मारायचा. डेस्कटॉप हा इतरांसारखाच एक प्रोग्राम, बोलावला तर येणारा. रोज बोलवायचा कंटाळा आला की मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक.बॅट या फाइलीच्या शेवटी तीच तीन अक्षरं लिहून ठेवायची. काही व्यापारी त्या जागी फॉक्सप्रोतला हिशेबाचा प्रोग्राम घालून घेत. मशीन सुरू केलं की थेट पेट्यांची खातेवही. त्यांना डेस्कटॉप कधी दिसलाच नाही, आणि त्यांचं काही अडलंही नाही.

1995 च्या ऑगस्टमध्ये विंडोज 95 आलं आणि डेस्कटॉप न बोलावता येऊ लागला. खाली डॉस, म्हणजे टाइप केलेल्या हुकमांवर चालणारी ती काळ्या स्क्रीनची यंत्रणा, होतंच. एमएसडॉस.सिस या फाइलीत 'बूटजीयूआय=1' अशी ओळ असे; 1 चा 0 केला की पुन्हा काळी स्क्रीन. फाइल मात्र लपवलेली आणि लिहायला बंदी असलेली, आधी 'ॲट्रिब' कमांडने तिचं सोवळं उतरवावं लागे. आत बघावं तर 'एक्स' या अक्षराच्या ओळीच्या ओळी, आणि वर सूचना की या काढू नका, फाइल 1024 बाइटपेक्षा मोठी असायला हवी. मला वाटलं, व्हायरसच शिरला.

विंडोज 98 वर पावसाळ्यात वीज गेली की पुढच्या वेळी डेस्कटॉपच्या आधी स्कॅनडिस्क डिस्क तपासत बसायचं. त्याच फाइलीतला 'ऑटोस्कॅन' मी वैतागून 0 केला आणि ऐन गणपतीच्या तोंडावर मंडळाच्या पावत्यांची फाइल घालवून बसलो.

विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सकडे डेस्कटॉप वेगळा बोलवायचा हा वारसा युनिक्स या जुन्या यंत्रणेवरून आला. तिथे चित्रमय स्क्रीन उभी करणारी एक्स विंडो सिस्टिम 1984 साली एमआयटीत सुरू झाली. आधी अक्षरांच्या स्क्रीनवर लॉगिन करायचं, मग हवं तर 'स्टार्टएक्स' टाइप करून डेस्कटॉप बोलवायचा. रेड हॅट या लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत इनिटटॅब फाइलीत एक आकडा असे: 5 म्हणजे लॉगिनपासूनच चित्रमय स्क्रीन, 3 म्हणजे नुसती अक्षरं. त्या 3 ची किंमत मला एका जुलैत कळली. विजेच्या लपंडावात मॉनिटर गेला, म्हणून माळ्यावरचा जुना लावला. त्याला जुनी सेटिंग झेपेना. स्क्रीन उघडझाप करत राहिली आणि शेवटी संदेश आला: फार भराभर पुन्हा सुरू होतंय, 5 मिनिटं बंद. मशीन परत चालू करताना बूटच्या ओळीत 3 जोडला, लॉगिन केलं, 'स्टार्टएक्स' मारलं, तेव्हा कुठे चूक वाचता आली.

2010 मध्ये लिनक्स सुरू करून देणारं सिस्टिमडी आलं आणि पुढच्या वर्षी फेडोरा 15 या लिनक्सने ते स्वीकारलं. आकड्यांच्या जागी नावं आली, ग्राफिकल.टार्गेट आणि मल्टी-युजर.टार्गेट. 'सिस्टिमसीटीएल सेट-डिफॉल्ट' एवढ्यावर काम भागतं, पण बोटं अजून 3 आणि 5 च शोधतात.

विंडोज एक्सपीपासून घरच्या मशीनखालचं डॉस गेलं, तशी बूटजीयूआयची ओळही गेली. 2012 च्या विंडोज 8 ने डेस्कटॉपआधी रंगीत चौकोनांची स्क्रीन आणली. लोक इतके कुरकुरले की वर्षभरात 8.1 मध्ये थेट डेस्कटॉपवर जायची सोय द्यावी लागली.

एक ओळ मात्र तगली. 3.1 च्या सिस्टिम.आयएनआय फाइलीत 'शेल=प्रोगमॅन.एक्सई' असायचं (शेल म्हणजे सुरुवातीला समोर येणारा प्रोग्राम), 95 मध्ये तिथे एक्सप्लोरर आला, आणि आज तेच 'शेल' नाव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, विनलॉगॉन या लॉगिनच्या भागाखाली सापडतं. तिथे दुसरा प्रोग्राम लिहिला तर डेस्कटॉप येतच नाही. बाजारातल्या पासबुक छापायच्या यंत्राची वीज परत आली की क्षणभर विंडोजचा डेस्कटॉप चमकून जातो आणि मग बँकेची स्क्रीन येते. म्हणजे शेल तसाच ठेवून प्रोग्राम नुसता स्टार्टअपमध्ये, म्हणजे डेस्कटॉपनंतर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामांत, टाकला असणार.