नव्वद मिनिटांचा तास

माझी मुलगी नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये दहावीत आहे, आणि गेल्या जानेवारीपासून या जानेवारीपर्यंत, म्हणजे अख्खं एक वर्ष, शाळेत तिचा गणिताचा एकही तास झाला नाही. नापास झाली नव्हती, विषयही सोडला नव्हता, फक्त टाईमटेबल तसं पडलं. नववीत ऑगस्ट ते जानेवारी मॅथ २ केलं, दहावीत मॅथ ३ आलं ते दुसऱ्या सेमिस्टरला. पहिल्याच आठवड्यात वही उघडून बसली, अवयव पाडायचं साधं गणित होतं, आणि म्हणाली, "आई, हे मी केलंय गं, पण हातच चालत नाहीये."

तेव्हापासून मी शाळेच्या या टाईमटेबलच्या, म्हणजे ब्लॉक शेड्युलिंगच्या, मागे लागले. इकडे राली, कॅरीच्या भागात आपली मराठी घरं खूप आहेत, आणि ज्यांची मुलं हायस्कूलला जातात त्यांच्यात कधी ना कधी हा विषय निघतोच, म्हणून जे सापडलं ते लिहून काढतेय.

आपल्याकडे शाळेत पस्तीस मिनिटांचं लेक्चर असलं तरी त्याला तासच म्हणतात. दिवसाला आठ तास, सगळे विषय वर्षभर, आणि प्रयोगशाळा किंवा चित्रकला असेल तर दोन सलग तास, ज्याला आपण जोड तास म्हणायचो. अमेरिकेतली पारंपरिक पद्धतही साधारण अशीच, दिवसाला सहा-सात पिरियड, प्रत्येक ४५ ते ५५ मिनिटांचा, रोज तेच विषय, १८० दिवस. ब्लॉक शेड्युल म्हणजे सगळेच तास जोड तास. एक तास ९० मिनिटांचा आणि दिवसाला फक्त चार. आता आठ विषय या चार तासांत कसे बसवायचे, तर त्याचे दोन मार्ग आहेत. एकात आज चार विषय, उद्या दुसरे चार, असं आलटून पालटून वर्षभर चालतं, त्याला ए-बी म्हणतात. दुसऱ्यात पहिल्या सेमिस्टरला चार विषय रोज घ्यायचे आणि जानेवारीत संपवूनच टाकायचे, मग नवे चार, हे फोर बाय फोर. लोक बोलताना दोन्हीला सरसकट ब्लॉकच म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो, कारण मुलाच्या डोक्याच्या दृष्टीने या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. आमची शाळा फोर बाय फोर.

आधी साधा हिशोब करू. रोज ५० मिनिटं, १८० दिवस म्हणजे १५० तास. रोज ९० मिनिटं, ९० दिवस म्हणजे १३५ तास. म्हणजे एका विषयामागे १५ तास कमी होतात, ए-बी मध्येही तेवढेच. त्या बदल्यात काय मिळतं तर वर्षाला सहाऐवजी आठ विषय, चार वर्षांत २४ ऐवजी ३२. इथे पास होऊन बाहेर पडायला राज्याच्या नियमाने किमान २२ क्रेडिट लागतात, एका विषयाचं एक, त्यामुळे एखादा विषय राहिला तरी परत घ्यायला जागा असते, आणि ज्या मुलांचं शिक्षण अधेमधे अडखळतं त्यांना ही जागा खरंच वाचवते. हे मी आधी लक्षातच घेतलं नव्हतं.

आता हे क्रेडिट म्हणजे तरी काय? त्याची गोष्ट शिक्षणापासून नाही, पेन्शनपासून सुरू होते. १९०५ मध्ये अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीने कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. आता पेन्शन कुठल्या कॉलेजला द्यायची हे ठरवायचं तर मुळात कॉलेज कशाला म्हणायचं ते आधी ठरवायला हवं, मग कार्नेगी फाउंडेशनने १९०६ मध्ये नियम काढला की प्रवेशासाठी हायस्कूलची किमान १४ युनिटं मागणारं ते कॉलेज, आणि एक युनिट म्हणजे वर्गात बसलेले साधारण १२० तास. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी मानलं, कॉलेजांनी मानलं म्हणून हायस्कुलांनी मानलं. मुलाला विषय किती आला हे मोजायची ती पट्टी कधीच नव्हती, तो किती वेळ बसला एवढंच त्यात मोजलं जातं, तरी सगळ्या देशाचं टाईमटेबल तिच्यावर उभं राहिलं.

त्याला धक्का द्यायचे प्रयत्न झालेच. १९५९ च्या सुमारास लॉइड ट्रम्प नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने सांगितलं की सगळे तास एकाच लांबीचे कशाला, मोठं लेक्चर, छोटा गट, स्वतःचा अभ्यास, प्रत्येकाला हवा तेवढा वेळ द्या. काही शाळांनी करून पाहिलं, पण मुलांचा मोकळा वेळ सांभाळणं शाळांना जड गेलं आणि ते मागे पडलं. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी मॅसॅच्युसेट्समधले जोसेफ कॅरोल कोपर्निकन प्लॅन घेऊन आले, म्हणजे एका वेळी एकदोनच विषय आणि तेही लांब तासांचे. १९९४ मध्ये संसदेने नेमलेल्या आयोगाचा अहवाल आला, त्याचं म्हणणं असं की अमेरिकेतलं शिक्षण घड्याळाच्या कैदेत आहे. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या रॉबर्ट लिन कॅनडी यांनी मायकल रेटिग यांच्यासोबत ब्लॉकचे आराखडे शाळांना पटवून दिले, आणि नव्वदच्या दशकात व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना या भागात शाळांमागून शाळा ब्लॉकवर गेल्या.

शाळांना ते का आवडलं हे कळायला दिवसभर एकदा तिथे उभं राहायला हवं. प्रत्येक तासानंतर हजार-दीड हजार मुलं एकदम कॉरिडॉरमध्ये येतात, पाच-सहा मिनिटांत लॉकर, टॉयलेट, पुढचा वर्ग सगळं उरकायचं, आणि धक्काबुक्की, भांडणं होतात ती बहुतेक याच वेळात. दिवसात सातऐवजी चारच तास म्हणजे ही पळापळ जवळपास निम्मी. शिक्षकांचंही तसंच, पारंपरिक पद्धतीत एका शिक्षकाकडे पाच वर्ग म्हणजे एका वेळी १५० च्या आसपास मुलं, फोर बाय फोरमध्ये तीन वर्ग, ९० मुलं. इंग्रजीच्या शिक्षकाला १५० निबंध तपासायचे की ९०, या फरकानेच निबंध किती वेळा लिहून घेतला जाईल हे ठरतं. आणि केमिस्ट्रीच्या प्रयोगाला तर ९० मिनिटं म्हणजे वरदानच, टायट्रेशन मांडायचं, करायचं, धुवून ठेवायचं आणि मग आलेल्या आकड्यांवर बोलायचं, हे ५० मिनिटांत होतच नाही, प्रयोग होतो पण बोलणं राहतं, आणि शिकणं असतं ते त्या बोलण्यात.

मग मार्क वाढतात का? २००६ मध्ये सॅली झेपेडा आणि स्टुअर्ट मेयर्स यांनी ५८ अभ्यास एकत्र तपासले. शाळेतलं वातावरण सुधारतं, मुलांचे ग्रेड वाढतात असं दिसलं, पण सगळ्यांना सारख्या असलेल्या टेस्टमध्ये निकाल कधी वर, कधी खाली. ग्रेड शिक्षक देतो, टेस्ट बाहेरची असते, त्यामुळे नुसते ग्रेड वाढले याचा अर्थ जास्त आलं असा होत नाही. २०१० मध्ये लंडनमधल्या एका गटाने परत सगळं चाळलं, सगळे विषय मिळून फोर बाय फोरचा थोडा फायदा दिसला, एकेक विषय वेगळा काढला की चित्र धूसर. त्याच्या बरंच आधी, १९९० मध्ये डेव्हिड बेटसन यांनी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात दहावीची मुलं पाहिली होती, त्यात सायन्स वर्षभर शिकलेली मुलं सेमिस्टरमध्ये उरकलेल्यांपेक्षा पुढे निघाली. १९९८ मध्ये कॉलेज बोर्डाने एपी परीक्षेचे, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायच्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षेचे, मार्क तपासले, तिथेही वर्षभरवाले पुढे. एपीचं कारण समजण्यासारखं आहे, परीक्षा मे महिन्यात असते, पहिल्या सेमिस्टरची मुलं जानेवारीत विषय संपवून चार महिने थांबतात आणि दुसऱ्या सेमिस्टरच्या मुलांचा विषय संपायच्या आतच परीक्षा येते. म्हणून काही शाळा एपी विषयाला आधीचा एक कोर्स जोडून तो वर्षभर पसरवतात.

एक अडचण या सगळ्याच अभ्यासांत आहे, कुठली शाळा ब्लॉकवर जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नसतं. शाळा बदलते तेव्हा प्रिन्सिपल नवा असतो, शिक्षकांना ट्रेनिंग मिळतं, अजून चार गोष्टी बदलतात, मग सुधारलं ते कशामुळे हे सुटं करता येत नाही.

म्हणून मी स्मरणशक्तीच्या संशोधनाकडे वळले, आणि मला वाटतं खरं उत्तर तिथे जास्त आहे. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून छापले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती विसरलो ते मोजायचं. त्याला दिसलं की एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधतं ते तीन दिवसांत वाटून ३८ वेळातच साधतं. पुढे शंभर वर्षं वेगवेगळ्या लोकांनी हे तपासलं आणि ते टिकलं, अभ्यास एकत्र ठासण्यापेक्षा अंतर ठेवून केला की जास्त राहतो. २००८ मध्ये निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त लोकांवर पाहिलं की अंतर किती हवं, तर गोष्ट वर्षभराने आठवायची असेल तर दोन अभ्यासांमध्ये सुमारे तीन आठवड्यांचं अंतर सगळ्यात चांगलं ठरलं. म्हणजे ए-बी मध्ये एक दिवसाआड गणित आलं म्हणून घाबरायचं काहीच कारण नाही. घाबरायचं ते अख्खा विषय पाच महिन्यांत कोंबून मग वर्षभर बंद ठेवण्याला.

याहून मला हलवून गेलेला अभ्यास हॅरी बाहरिक आणि लिंडा हॉल यांचा, १९९१ चा. शाळेत शिकलेलं बीजगणित मोठेपणी किती राहतं हे त्यांनी पाहिलं, अगदी पन्नास वर्षांनंतरपर्यंत. ज्यांनी बीजगणितानंतर पुढचं गणित वर्षानुवर्षं घेतलं, कॅल्क्युलसच्याही पुढे गेले, त्यांचं बीजगणित अर्ध्या शतकानंतरही जवळपास तसंच होतं, मग नंतर त्यांनी ते वापरलेलं असो वा नसो. ज्यांनी तिथेच थांबवलं त्यांचं हळूहळू गेलं, शाळेत मार्क चांगले असले तरी. किती वर्षं त्या विषयाच्या संगतीत राहिलात यावर सगळं होतं. फोर बाय फोर नेमकी हीच संगत तोडतं, गणित आणि परकी भाषा या दोन विषयांत तर सगळ्यात जास्त, कारण तिथे कालच्या वीटेवर आजची वीट बसते. एक दिलासा आहे, विसरलेलं परत शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हेही एबिंगहाउसनेच मोजलं होतं, आणि माझ्या मुलीचा हात तीन-चार आठवड्यांत परत चालायला लागला. पण ते तीन-चार आठवडे त्या ९० दिवसांतूनच गेले.

आणि ९० मिनिटं मुलं लक्ष देतात का, हा सगळ्यांचा प्रश्न. दहा-पंधरा मिनिटांनी लक्ष उडतंच असं सगळीकडे सांगतात, पण २००७ मध्ये दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यामागचा पुरावा शोधला तेव्हा तो फारच कच्चा निघाला. तास किती मिनिटांचा यापेक्षा त्यात काय चाललंय यावर जास्त आहे. मुलीचा बायोलॉजीचा तास कधी संपतो तिला कळत नाही, कारण तिथे दर वीस-पंचवीस मिनिटांनी काम बदलतं. दुसऱ्या एका विषयात ५० मिनिटं शिकवून उरलेल्या ४० मिनिटांत "होमवर्क सुरू करा" असतं. अशा वेळी ब्लॉकचा सगळा फायदा पाण्यात जातो आणि वर ते १५ तास गेले ते वेगळेच.

गैरहजेरीचंही लक्षात ठेवा, फोर बाय फोरमध्ये एक दिवस बुडला की पारंपरिक पद्धतीतले जवळपास दोन दिवस बुडाले, त्यामुळे भारतात जायचं तिकीट काढताना शाळेच्या सुट्टीला दोन आठवडे जोडले तर ते फार महागात पडतं. वर्षाच्या मध्यात गाव बदलून पारंपरिक शाळेत गेलात तर काही विषय झालेले आणि काही सुरूच न झालेले, अशी अवस्था होते. कोविडच्या वर्षात, २०२०-२१ ला, कॅनडातल्या ऑन्टारिओत मुलांनी एकमेकांत कमी मिसळावं म्हणून एका वेळी दोनच विषय असं क्वाडमेस्टर केलं होतं, तेव्हा हे सगळं अजूनच ताणलं गेलं.

फेब्रुवारीत अकरावीचं रजिस्ट्रेशन झालं तेव्हा आम्ही शाळेच्या काउन्सेलरला, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या बाईंना, लिहून दिलं की प्रीकॅल्क्युलस ऑगस्टमध्येच हवं, म्हणजे जूनमध्ये मॅथ ३ संपल्यावर मध्ये फक्त उन्हाळ्याची सुट्टी राहील. स्पॅनिश २ आणि स्पॅनिश ३ सुद्धा लागोपाठच्या सेमिस्टरला मागितलं. त्या म्हणाल्या नोंद करते, पण जागा मिळेलच असं सांगता येत नाही. तोवर मी तिच्या जुन्या वहीतली गणितं सुट्ट्या कागदांवर उतरवून डब्यात टाकलीयत, दर रविवारी दोन चिठ्ठ्या काढायच्या, आणि सोडवून झाली की तारीख टाकून परत डब्यात.