पार्श्वभूमी: संभाजीनगरच्या बागा आणि ओपन स्पेसचा घोळ

कुठल्या तरी कॉलनीच्या ओपन स्पेसवर, म्हणजे ले-आउटमधे सगळ्यांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेवर, खांब उभे राहिले की भांडण सुरू होतं, मग निवेदनं, मग कोर्ट. हे सगळं आत्ताचं वाटतं पण नाळ बरीच मागं जाते.

जुनं थोडक्यात सांगतो. आपल्याकडं बाग म्हणजे आधी पाणी. 1610 च्या आसपास खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसली, मलिक अंबरची नहर-ए-अंबरी, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारी नहर, आली, आणि बीबी का मकबऱ्याची चारबाग काय, पाणचक्कीचा हौद काय, दिल्ली गेटजवळची हिमायत बाग काय, सगळं नहरींच्या जिवावर उभं राहिलं. पण त्या बागा दरबाराच्या, रयतेला तिथं संध्याकाळी लेकरं घेऊन बसायची मुभा कुठली. हिमायत बाग आज शिल्लक आहे ती पण फळ संशोधन केंद्र झालं म्हणून, नाहीतर तिथं कधीच टॉवर आले असते असं माझं स्पष्ट मत आहे.

पब्लिकसाठी बाग ही कल्पना खरी रुजली ती बसस्टँडजवळच्या सिद्धार्थ उद्यानानं आणि सिडको या सरकारी महामंडळाच्या वसाहतींनी. सिद्धार्थला तर सगळा मराठवाडा येऊन गेलाय, शाळेची सहल म्हणजे सकाळी वेरूळ नाहीतर पैठणचं ज्ञानेश्वर उद्यान आणि परत येताना सिद्धार्थचे वाघ, हे ठरलेलं. सिडकोनं सत्तरच्या दशकापासून एन-1, एन-2 असे सेक्टर पाडले तेव्हा घरांच्या मधे बागेची जागा आधीच सोडलेली होती. म्हणून आजही सिडकोतल्या कॅनॉटच्या बागेत संध्याकाळी बसायला बाकडं मिळतं, म्हातारी माणसं गप्पा मारत बसतात, एमपीएससीवाली पोरं पुस्तक घेऊन येतात. घरात कूलर लावला तरी उकडतं अशा मे महिन्यात ही बाकडी म्हणजे अर्ध्या सेक्टरचा दिवाणखाना.

पण त्याच काळात चिकलठाणा, मग वाळूज इथं कारखाने आले, बीड-जालना-परभणीकडून माणूस लोंढ्यानं आला आणि त्याला सिडकोचं घर परवडणारं नव्हतं. त्यानं बाँडपेपरवर एक-दोन गुंठे घेतले. पुंडलिकनगर, नारेगाव असे भाग तसेच वाढले. एकर दीड एकराचं शेत विकणाऱ्यानं मधे वीस फुटी रस्ता सोडला तरी उपकार, बाग कोण सोडतो. ले-आउट मंजूरच नाही, मग त्यातली 10 टक्के खुली जागा येणार कुठून. 2001 च्या गुंठेवारी कायद्यानं घरं नियमित करायचा रस्ता काढला, 2021 ला मुदत वाढवून डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. घरं कायदेशीर झाली हे चांगलंच झालं, पण न सोडलेली बाग काही त्यातून उगवत नाही.

आता खरा गुंता, कलम 127 चा. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, एखाद्याच्या जमिनीवर उद्यानाचं आरक्षण पडतं. 1966 च्या नगररचना कायद्याचं हे कलम सांगतं की 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतरही ठरलेल्या मुदतीत घेतली नाही तर आरक्षण आपोआप गळून पडतं. ही मुदत आधी 6 महिने होती, मग 12 केली, 2015 पासून 24 महिने. मालकाची बाजू पण समजून घ्या, त्याला ना बांधता येतं ना धड विकता येतं, पोरीचं लग्न निघालं तरी जमीन अडकलेलीच, तो नोटीस देणारच. पालिका म्हणते टीडीआर घ्या, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडं जादा बांधकामाचा हक्क, तो म्हणतो रोख द्या. 2013 च्या भूसंपादन कायद्यानं शहरात बाजारभावाच्या दुप्पट पैसे द्यायचे, आणि इथं प्यायच्या पाण्याचीच बोंब, तर बागेसाठी एवढे कोटी काढणार कोण? मग तारखा सरतात, आरक्षण व्यपगत होतं, प्लॉट पडतात. सगळं कायद्यानुसारच होतं बघा, फसवणूक कुणाचीच नाही आणि बाग मात्र गेली. माझं म्हणणं एवढंच की नोटीस आली ती तारीख लोकांपुढं यायला पाहिजे, कारण आपल्याला कळतं तेव्हा तिथं जेसीबी उभा असतो.

मंजूर ले-आउटमधली ओपन स्पेस वाचते म्हणावं तर तीही कोपऱ्या कोपऱ्यानं संपते. आधी बोअर, मग मंदिराचा ओटा, मग त्यावर पत्र्याचं शेड, मग सभागृह, उरलेल्या पट्ट्यात ओपन जिमची चार मशीन, त्यातलं एकाचं हँडल तुटलेलं. कॉलनीतलेच लोक करतात हे, नाव पालिकेला.

अलीकडचे वाद वेगळ्या तऱ्हेचे आहेत. 17 एकराच्या प्रियदर्शिनी उद्यानात बाळासाहेब ठाकरेंचं स्मारक घ्यायचं ठरलं तेव्हा झाडं तोडण्यावरून प्रकरण खंडपीठात गेलं. सलीम अली सरोवरावर उलटंच, तिथं पक्ष्यांसाठी माणसांनाच आत जायला मनाई झाली. मला तो निर्णय पटतो, फिरायला येणाऱ्यांना पटत नाही.

पाण्याचं तर विचारूच नका. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा बागेतल्या झाडाला पाणी घाला म्हणायची कुणाची छाती नव्हती.

पुढचा वाद सिद्धार्थचाच असणार. तिथलं प्राणिसंग्रहालय शहराच्या कडेला मिटमिट्याच्या सफारी पार्कात न्यायचं ठरलंय, म्हणजे बसस्टँडला खेटून एवढी मोक्याची जागा मोकळी होणार. पिंजरे काढून तिथं झाडंच राहणार का पार्किंग नि फूड कोर्ट येणार, हे प्लॅन कागदावर यायच्या आत विचारून ठेवलेलं बरं.