जेटपॅक तर आहे, मग अडलंय कुठे?

२० एप्रिल १९६१. अमेरिकेतल्या नायगारा फॉल्सच्या विमानतळाजवळ हॅरोल्ड ग्रॅहम नावाचा माणूस पाठीला टाक्या बांधून उभा राहिला. त्याने हातातली मूठ पिळली आणि तो कमरेएवढ्या उंचीवर उचलला गेला. १३ सेकंदांत ३४ मीटर पुढे जाऊन तो आपल्या पायांवर उतरला. वरून दोर नव्हता, अंगाला पंख नव्हते. ‘जेटपॅक कधी येणार?’ असं आपण आजही विचारतो, पण तो येऊन साठहून अधिक वर्षं झाली. विचारायला हवं ते हे, की इतक्या वर्षांत तो तुमच्या-माझ्यापर्यंत का पोचला नाही, आणि पुढे तरी पोचेल का.

ग्रॅहमच्या पाठीवरचं यंत्र, म्हणजे ‘रॉकेट बेल्ट’ किंवा रॉकेटचा पट्टा, बेल एरोसिस्टिम्स कंपनीतल्या वेंडेल मूर या अभियंत्याने घडवलं होतं. त्यात ज्वाला नव्हतीच. टाकीत भरलेलं तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड नायट्रोजनच्या दाबाने चांदीच्या जाळ्यांवर ढकललं की क्षणार्धात त्याची वाफ आणि ऑक्सिजन होतो. ७०० अंश सेल्सियसहून गरम अशी ही वाफ दोन नळ्यांतून खाली सुटते आणि माणूस वर रेटला जातो. झाडांना पाणी घालताना नळ पूर्ण सोडला की पाइप आपला हात मागे ढकलतो, तोच हा रेटा. इथे मात्र त्याला माणसाचं सगळं वजन पेलायचं असतं आणि एक क्षणही उसंत घेऊन चालत नाही. सुमारे १९ लिटर पेरॉक्साइड २१ सेकंदांत संपून जाई. काट्याकडे बघायलाही सवड नसल्याने इंधन संपत आल्याचा इशारा थेट हेल्मेटमध्ये दिला जाई. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला बिल सूटर असाच पट्टा बांधून स्टेडियममध्ये उतरला, तेव्हा जगभरच्या कोट्यवधी लोकांना वाटलं, आता फार दिवस नाहीत. पण तेव्हाही हिशेब सेकंदांचाच होता.

पुढची पायरी टर्बाइनची, म्हणजे जेट विमानाला असतं तशा, पण छोट्या इंजिनाची. रॉकेटला खाली फेकायचं ते सगळं सोबत वाहून न्यावं लागतं, टर्बाइन हवा बाहेरून घेते, त्यामुळे सेकंदांची मिनिटं होतात. बेलने १९६९ मध्येच असा पट्टा उडवून पाहिला होता. अलीकडे टर्बाइन इतक्या छोट्या आणि जोरकस झाल्या, की २०१५ मध्ये डेव्हिड मेमन पाठीवर जेटपॅक बांधून न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याजवळून उडाला. ब्रिटनच्या रिचर्ड ब्राउनिंगने दोन्ही हातांवर दोन-दोन आणि पाठीवर एक टर्बाइन घेऊन ताशी १३६ किलोमीटरचा वेग गाठला. फ्रान्सचा फ्रँकी झापाटा तर पायाखालच्या फळीवर उभा राहून ४ ऑगस्ट २०१९ रोजी इंग्लिश खाडी ओलांडून गेला. अंतर सुमारे ३५ किलोमीटर, वेळ २२ मिनिटं. पण ही झेप सलग नव्हती. पाठीवरचं केरोसीन पुरणार नव्हतं, म्हणून मध्येच एका बोटीवर उतरून त्याने इंधन घेतलं. दहाच दिवस आधीचा त्याचा प्रयत्न त्या इंधनाच्या थांब्यावरच फसला होता आणि तो समुद्रात पडला होता.

इंधन इतकं भराभर का संपतं? जेटपॅकचं सारं भवितव्य या प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडं सावकाश जाऊ.

हवेत तरंगायचं तर हवा खाली फेकावी लागते. किती फेकायची? दर सेकंदाला फेकलेल्या हवेचं वस्तुमान गुणिले तिचा वेग, हा गुणाकार तुमचं वजन पेलण्याएवढा व्हायला हवा. तो साधायचे दोन मार्ग आहेत. पुष्कळ हवा हळू फेका, नाहीतर थोडी हवा जोरात. रेटा दोन्हींत सारखाच मिळतो, खर्च मात्र सारखा नाही. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून हवेचा वेग दुप्पट केला तर हवा निम्मी लागते, पण ताकद दुप्पट खर्ची पडते.

आकड्यांत पाहू. माणूस, यंत्र आणि इंधन मिळून १२० किलो धरा. हे वजन आठ मीटर व्यासाच्या, हेलिकॉप्टरसारख्या पात्यांनी पेललं तर हवा खाली जाते ती सावकाश, सेकंदाला सहा-सात मीटरने. आदर्श स्थितीत ताकद लागते चार किलोवॉटच्या आसपास, म्हणजे जेमतेम पाच अश्वशक्ती. प्रत्यक्षात पात्यांचं घर्षण वगैरे धरून ती बरीच वाढते, तरी एखादं लहान इंजिन पुरेल. आता तेच वजन मनगटाएवढ्या तोंडातून सेकंदाला ५०० मीटर वेगाने सुटणाऱ्या झोतावर तोला. नुसत्या झोतालाच ३०० किलोवॉट लागतात, म्हणजे सुमारे ४०० अश्वशक्ती! एकच माणूस, तोच, जागच्या जागी तरंगणारा, आणि खर्च ऐंशीपट.

ही तफावत मी पहिल्यांदा कागदावर मांडली तेव्हा आकडेमोड चुकली असेल म्हणून पुन्हा करून पाहिली. चूक नव्हती. पाठीवर मावेल एवढंच यंत्र हवं, ही आपली अटच महाग आहे. यंत्र जितकं आटोपशीर, तितकी कमी हवा त्याच्या तावडीत सापडते आणि तितक्या जोरात ती फेकावी लागते. टर्बाइन उद्या आणखी हलकी होईल, धातू आणखी उष्णता सोसतील, पण या गुणाकारातून सुटका नाही.

बॅटरी लावली तर? एक किलो केरोसीनमध्ये जेवढी ऊर्जा असते, तिच्या चाळीस-पन्नासाव्या हिश्शाएवढीच आजच्या एक किलो लिथियम बॅटरीत मावते. छोटी टर्बाइन बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवते, तो तोटा धरूनही बॅटरी मागेच राहते. शिवाय केरोसीन जळत जातं तसा भार हलका होतो, बॅटरी उतरली तरी तिचं ओझं तेवढंच. म्हणून विजेवर माणसाला उचलणारी यंत्रं झोताऐवजी मोठे पंखे वापरतात. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या जेटसन कंपनीच्या ‘जेटसन वन’ या यंत्राला आठ मोटर आहेत आणि ते सुमारे वीस मिनिटं उडतं. छान यंत्र आहे, पण त्यात बसावं लागतं, ते पाठीवर घेता येत नाही. न्यूझीलंडच्या ग्लेन मार्टिनने मधला मार्ग काढला होता. पेट्रोल इंजिनवर चालणारे दोन बंदिस्त पंखे असलेला त्याचा जेटपॅक २००८ मध्ये लोकांसमोर आला, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली. पण यंत्र एवढं जड होतं, की माणसाने ते घालण्यापेक्षा माणूसच त्यात चढे. २०१९ मध्ये त्या कंपनीने काम थांबवलं.

आता पडण्याविषयी. मूरने आपला पट्टा आधी स्वतःच उडवून पाहिला होता, सुरक्षेचा दोर बांधून. फेब्रुवारी १९६१ मध्ये यंत्र एका बाजूला भरकटलं, दोर तुटला आणि तो अडीच मीटरवरून खाली आला. गुडघ्याची वाटी फुटली. त्यानंतर मूर कधीच उडाला नाही. अडीच मीटर म्हणजे घराचं छतही नाही, पण तेवढ्यावरून पडणारा माणूस ताशी २५ किलोमीटरने जमिनीवर आदळतो. दहा मीटरवरून हाच वेग पन्नास होतो, तीस मीटरवरून ८७, आणि तिथून खाली यायला पुरते अडीच सेकंदही लागत नाहीत. एवढ्यात साधं पॅराशूट उघडून भरायला वेळच नसतो.

विमानाचं इंजिन बंद पडलं तर विमान तरंगत उतरतं. हेलिकॉप्टरची पाती खालून येणाऱ्या वाऱ्याने फिरत राहतात आणि उतरणं सावरता येतं. जेटपॅककडे यातलं काहीच नाही. झोत थांबला की तो फक्त ओझं उरतो. म्हणूनच जेटपॅकवाले एक तर जमिनीला धरून उडतात, नाहीतर पाण्यावर. हा धोका पत्करायला तयार असलेले, वर्षानुवर्षं सराव केलेले मोजके लोक आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. पण कामावरून थकून परतणाऱ्या माणसाच्या हाती हे यंत्र देण्याची कल्पना मला करवत नाही.

आवाजाचा प्रश्न आहेच. टर्बाइनशेजारी कान झाकल्याशिवाय उभं राहता येत नाही, आणि अशी शंभर यंत्रं गल्लीवरून गेली तर खालच्यांनी जगायचं कसं? नियमांचं म्हणाल, तर अमेरिकेत सुमारे ११५ किलोंपेक्षा हलकं, एकाच माणसाचं यंत्र परवान्याशिवाय उडवता येतं, पण फक्त दिवसा आणि दाट वस्ती सोडून. म्हणजे घर ते ऑफिस हा प्रवास तिथेच बाद झाला.

मग जेटपॅकला भविष्य नाही का? आहे, आणि ते मला खरोखर मोलाचं वाटतं. सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरात एका हवाई रुग्णवाहिका संस्थेने ब्राउनिंगसोबत चाचणी घेतली. डोंगरावर जखमी माणूस आहे अशी कल्पना करून त्याच्यापर्यंत पोचायचं होतं. पायी २५ मिनिटं लागली असती, ब्राउनिंग ९० सेकंदांत पोचला. रक्तस्राव होत असलेल्या माणसासाठी या फरकाची किंमत करता येणार नाही. उड्डाण काही मिनिटांचंच आणि उंची थोडी, या जेटपॅकच्या मर्यादा तिथे अडचण होत नाहीत. उतारावर जमिनीलगत एकदाच वर जायचं असतं, आणि चालवणारा प्रशिक्षित असतो.

आणि ज्यांना कोणालाही वाचवायचं नाही, फक्त पाठीवर इंजिन घेऊन उडायचं आहे, त्यांच्यासाठी पॅरामोटर कधीचाच आहे. वीस-तीस किलोचं इंजिन आणि पंखा पाठीला, डोक्यावर वीस-पंचवीस चौरस मीटरचं कापडी पंख. वीसेक अश्वशक्ती पुरते आणि दहा-बारा लिटर पेट्रोलवर दोन-तीन तास जातात, कारण ते मोठं पंख पुढे जाता जाता पुष्कळ हवेला हळुवार खाली ढकलत असतं. शिकावं लागतं, वारा बघावा लागतो, अपघातही होतात. पण मोकळ्या मैदानात कापड पसरून माणूस धावू लागतो, मागचं कापड हवा भरून डोक्यावर येतं, दोऱ्या ताणल्या जातात आणि चार-सहा पावलांत पाय जमिनीला लागेनासे होतात. वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर आवाज थांबतो, आणि माणूस त्याच पंखाखाली घरंगळत खाली येतो.