‘आय डोन्ट थिंक’ की ‘आय थिंक... नॉट’?

‘आय थिंक इट विल नॉट रेन टुडे.’ आणि ‘आय डोन्ट थिंक इट विल रेन टुडे.’ दोन्ही बरोबर. आपल्याकडची मुलं पेपरात बहुतेक वेळा पहिलं लिहितात. नकार पावसाचा आहे ना, मग ‘नॉट’ पावसाजवळच हवं, असा त्यांचा हिशेब. व्याकरण बिघडत नाही, पण इंग्रजी बोलणारा माणूस सहसा दुसरं म्हणतो.

आणि तेच आपण घरी म्हणतो. मृग कोरडा चालला की यवतमाळकडचा म्हातारा बांधावरून आभाळाकडे पाहत सांगतो, “मले नाई वाटत आज पाणी येईन.” त्याला वाटतंय तर नक्कीच; नाही आहे ते पाणी. तरी ‘नाई’ वाटण्याला चिकटलं. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९१७ सालीच नोंदवलं होतं की नकार असा मुख्य क्रियापदाकडे ओढला जाणं बऱ्याच भाषांत दिसतं. म्हणून मी म्हणतो, वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला हे नव्यानं शिकवायची गरजच नाही. त्याच्या जिभेवर आहे, ते फक्त त्याला दाखवून द्यायचं.

नकार खरा कुणाचा, ते शेपटीच्या प्रश्नात उघड होतं: ‘आय डोन्ट थिंक इट विल रेन, विल इट?’ शेपटीत ‘डू आय’ येत नाही, ‘विल इट’ येतं. अशी होकारी शेपटी नकारी वाक्यालाच लागते, म्हणजे नकार पावसाचाच.

फरक आहे तो सुराचा. ‘आय डोन्ट थिंक युअर कॉटन इज ड्राय’ यात समोरच्याला बोलायला जागा राहते. ‘आय थिंक युअर कॉटन इज नॉट ड्राय’ म्हणजे जवळपास निकालच. पण पीक विम्याच्या पंचनाम्यावर हरकत घ्यायची असेल तर ठाम सूरच हवा: ‘आय थिंक धिस रिपोर्ट इज नॉट करेक्ट.’ तिथे मऊ बोलून चालत नाही.

बिलीव्ह, सपोज, एक्स्पेक्ट हे थिंकच्याच वाटेनं जातात. ‘से’ मात्र नाही. ‘आय डिडन्ट से ही सोल्ड द बुलक्स’ म्हणजे मी तसं बोललोच नाही. ‘आय सेड ही डिडन्ट सेल द बुलक्स’ म्हणजे मी बोललो, बैल विकले नाहीत म्हणून. अर्थच पालटतो.

सगळ्यात जास्त घसरगुंडी ‘होप’वर होते. ‘आय डोन्ट होप बॉलवर्म कम्स’ असं कुणी म्हणत नाही. ‘आय होप बॉलवर्म डझन्ट कम’ म्हणतात. थोडक्यात उत्तर द्यायचं तरी तेच: यंदा बोंडअळी येईल का, याला ‘आय डोन्ट थिंक सो’ चालतं, पण आशेनं बोलायचं तर ‘आय होप नॉट’.