स्वीट पी (परसबागेतील लागवड, विदर्भ)

स्वीट पी (शास्त्रीय नाव लॅथायरस ओडोरॅटस, कुल फॅबेसी) ही सुवासिक फुलांसाठी लावली जाणारी हंगामी वेल आहे. ती मूळची सिसिली व दक्षिण इटलीची. फुले पांढरी, गुलाबी, लाल, जांभळी, निळसर; गडद पिवळा रंग मात्र आजवर कोणाला साधलेला नाही. फ्रान्सिस्को कुपानी या सिसिलीतील धर्मगुरूने १६९९ मध्ये तिचे बी इंग्लंडला पाठवले. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री एकफर्ड या बागायततज्ज्ञाने मोठ्या फुलांचे वाण काढले आणि १९०१ च्या सुमारास लाटदार पाकळ्यांचा स्पेन्सर गट पुढे आला. याच वेलीच्या फुलांचा रंग आणि परागकणांचा आकार तपासताना बेटसन, साँडर्स आणि पनेट या आनुवंशिकीच्या अभ्यासकांना आनुवंशिक गुण जोडीने उतरतात हे १९०५ च्या सुमारास आढळले.

विदर्भातली तिची सख्खी जात म्हणजे लाखोळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत धान उभे असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळीचे बी फेकतात. फूल, तणावे, पंखासारख्या कडांचे खोड या बाबतींत दोघींचे साम्य लगेच ओळखू येते. फरक पोटात जाण्याच्या बाबतीत. लाखोळी इथे भाजी, डाळ अशी खाल्ली जाते. मात्र महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पाय लुळे पडू शकतात. स्वीट पीचे बी तर खायचेच नाही. त्यातल्या वेगळ्या विषाचा परिणाम हाडे व सांध्यांच्या ऊतींवर होतो. शेंगा वाटाण्यासारख्या दिसतात आणि इकडे पोरांना शेतातल्या हिरव्या शेंगा तोडून खायची सवय असते, म्हणून हे घरात आधीच सांगून ठेवावे.

लागवड फसते ती बहुधा वाणामुळे, देखभालीमुळे नव्हे. स्पेन्सर गटाला फुलण्यासाठी साधारण बारा तासांचा दिवस लागतो. नागपूरच्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेअकरा तासांचा असतो आणि तो बारा तासांवर येईस्तोवर मार्चची धग सुरू झालेली असते. वेल हिरवीगार, उंच, आणि फूल नाही! पाकिटावरच्या चित्राला भुलून घेतलेल्या बियाण्याची ही नेहमीची गत. म्हणून लवकर फुलणारा, कमी दिवसमानातही कळी धरणारा हिवाळी वाण मागून घ्यावा.

पेरणी परतीचा पाऊस आटोपल्यावर, कोजागिरी ते दिवाळीच्या दरम्यान करावी. त्याआधी जमीन तापलेली असते आणि बी कुजते. टणक सालीचे बी रात्रभर पाण्यात ठेवावे. जे फुगत नाही त्याच्या डोळ्याच्या विरुद्ध बाजूची साल नेलकटरने किंचित छाटावी. दोन सेंटिमीटर खोल आणि एक वीत अंतरावर टोकले की आठवड्या-दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. उंदीर आणि खारी बी उकरून नेतात, त्यावर जाळी किंवा काटेरी फांदी ठेवावी लागते. तीन-चार पाने आली की शेंडा खुडावा, म्हणजे खालून फुटवे येतात.

काळ्या जमिनीत पाणी साचते. तिथे गादीवाफा (उंच केलेला वाफा) हवाच. चांगले कुजलेले शेणखत पुरते. कडधान्याच्या कुळातली असल्याने मुळांवरच्या गाठी नत्राची सोय करतात, वरून युरिया दिल्यास नुसता पाला माजतो. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी या वेलीला मानवत नाही. तिथे हलकी माती आणि गोडे पाणी असेल तरच कुंडीत लावावी.

चढण्यासाठी तुराट्यांचा ताटवा सर्वांत सोयीचा. बारीक फांद्यांना तणावे आपोआप गुंडाळले जातात. पऱ्हाटीही (कपाशीची वाळलेली झाडे) चालेल असे वाटते, पण हंगामानंतर ती घराजवळ ठेवली की तिच्यातल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. शेजारी कपाशी असेल तर हा मोह टाळलेला बरा.

हिवाळी वाणाला पेरणीपासून अडीच-तीन महिन्यांत, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून फूल येते. दर दुसऱ्या दिवशी फुले तोडावीत. शेंगा धरू दिल्या की वेल फुलणे थांबवते. ढगाळ हवेत मावा (रस शोषणारी बारीक कीड) पडतो, दमट पहाटे आणि कोरड्या दुपारी यांत भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी. माव्याला निंबोळी अर्क चालतो, भुरीला गंधकाची फवारणी, तीही ऊन चढण्याआधी. मुळाशी तणसाचे (धानाच्या पेंढ्याचे) आच्छादन केल्यास फेब्रुवारीच्या अखेरीस थोडी मुदत वाढते.

मार्चमध्ये वेल पिवळी पडू लागली की एखाद्या जोमदार वेलीवरच्या शेंगा वाळू द्याव्यात. फूल उमलण्यापूर्वीच स्वपरागण होत असल्याने घरचे बी बहुधा आईसारखेच निघते. संकरित बियाण्याला हे लागू नाही. शेंगा तपकिरी होताच सकाळी दवात तोडाव्यात, दुपारी त्या तडकून बी दूर उडते. सावलीत सुकवलेले बी राखेत घोळून डब्यात ठेवतात, आणि डब्यावर नाव लिहितात, कारण स्वयंपाकघरात ते वाटाण्यात मिसळायला नको.